ट्रायपॉड किती वजन सुरक्षितपणे पेलतो? (२००-५०० लेन्ससाठी सल्ला हवा)

उजनीकाठ

नमस्कार मंडळी,

भिगवण-कुंभारगाव भागात उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (हंसाच्या जातीचे पक्षी) टिपता यावेत, म्हणून मी निकॉन डी८५० कॅमेऱ्यासाठी निकॉनचीच २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स घेतली आहे. बॅटरी व कार्डासह कॅमेरा १००५ ग्रॅम, कॉलरसह (लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडवर बसवायच्या कड्यासह) लेन्स २३०० ग्रॅम, आणि हेडवर अडकवायची प्लेट धरली तर सगळे मिळून ३.४ किलोच्या आसपास वजन होते. ट्रायपॉड मात्र जुनाच आहे. तो प्रवासासाठीचा, ॲल्युमिनियमचा, चार टप्प्यांच्या पायांचा, स्वतः १.८ किलो वजनाचा असून त्याच्या खोक्यावर ‘कमाल भार ८ किलो’ असे छापलेले आहे. बॉल हेड (पायांवरचा, कॅमेरा हवा तसा वळवून आवळायचा गोळ्याचा सांधा) त्याच्यासोबतच मिळाले होते.

अडचण अशी आहे की, लेन्स कॉलरवर बसवून आणि हेडची मूठ पूर्ण आवळूनसुद्धा, चौकट ठरवून हात काढला की लेन्सचे तोंड किंचित खाली उतरते आणि मध्यावर धरलेला पक्षी चौकटीत वर गेलेला दिसतो. शिवाय काठावर थोडा वारा असला तरी १/१२५ सेकंदाला घेतलेल्या चित्रांत पिसांच्या कडा स्पष्ट येत नाहीत. दुकानदाराचे म्हणणे असे की, वजन लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, तेव्हा निर्धास्त वापरा. एका अनुभवी स्नेह्यांचे म्हणणे असे की, लिहिलेल्या आकड्याच्या एक तृतीयांशापलीकडे कधीच जाऊ नये. त्यांच्या हिशेबाने माझी मर्यादा २.७ किलोच्या आत येते, म्हणजे मी ती आधीच ओलांडली आहे.

यांपैकी कोणाचे खरे मानावे? हा ट्रायपॉड खचून कॅमेरा खाली येण्याचा धोका आहे का, की प्रश्न फक्त चित्राच्या स्पष्टतेचा आहे? नवा घ्यावाच लागला तर पाय आधी बदलावेत की हेड? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

स्थितिस्थापक

उजनीकाठ, तुमच्या एका प्रश्नात खरे तर चार वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि खोक्यावरचा आकडा त्यांपैकी फार तर दोघांना धरून बोलतो. ट्रायपॉड भाराखाली मोडेल का किंवा त्याचे पाय खचतील का, हेड घसरेल का, संपूर्ण ट्रायपॉड कलंडेल का, आणि तो थरथरेल का, या चारही गोष्टींची कारणे निराळी आहेत. सर्व उत्पादक पाळतात अशी भार मोजण्याची एकच पद्धत छायाचित्रणाच्या ट्रायपॉडांसाठी नाही. कोणी सरळ खाली दाबणाऱ्या वजनाचा आकडा छापतो, कोणी त्यात भरपूर राखीव ठेवून छापतो, तर कोणी पाय आणि हेड यांचे आकडे निराळे देतो. त्यामुळे एका कंपनीचे ८ किलो आणि दुसरीचे ८ किलो यांची तुलना करता येत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ‘निम्मे’ किंवा ‘एक तृतीयांश’ हे दोन्ही नियम केवळ अंदाज ठरतात.

आधी मोडण्याचे किंवा खचण्याचे पाहू. ३.४ किलो सरळ खाली दाबत असतील तर धडधाकट अवस्थेतला ८ किलोचा ट्रायपॉड खचणार नाही, एवढे मी निश्चितपणे म्हणेन. त्या मर्यादित अर्थाने दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे.

हेडचे गणित मात्र किलोचे नसून पिळाचे आहे. गोळ्याच्या मध्यापासून तुमच्या सामग्रीचा गुरुत्वमध्य आडव्या दिशेने जितका दूर, तितका पीळ जास्त पडतो. २०० मिमीवर प्लेट व्यवस्थित जुळवली असली, तरी लेन्स ५०० मिमीपर्यंत नेताना तिची नळी पुढे जाते आणि गुरुत्वमध्यही तिच्यामागोमाग सरकतो. तो ५ सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर ३.४ किलोचा पीळ सुमारे १.७ न्यूटन-मीटर होतो. हीच लेन्स कॉलरऐवजी कॅमेऱ्याच्या बुडाशी प्लेट लावून बसवली आणि अंतर १२ सेंटिमीटर झाले, तर तो ४ न्यूटन-मीटर होतो. वजन एका ग्रॅमनेही वाढलेले नसताना हेडवरचा ताण दुपटीहून अधिक वाढतो. कॅमेरा वर-खाली झुकवतानाही हेच घडते. गुरुत्वमध्य गोळ्याच्या १२ सेंटिमीटर वर असेल आणि तुम्ही झाडावरच्या पक्ष्यासाठी लेन्स ३० अंश उचलली, तर प्लेट कितीही जुळवलेली असली तरी २ न्यूटन-मीटर पीळ पडतोच. ‘८ किलो’ या आकड्यातून यातले काहीही कळत नाही. तुमचे लेन्सचे तोंड उतरते ते यामुळेच. लहान गोळ्याच्या हेडमध्ये गोळा धरून ठेवणारी घर्षणाची जागा कमी असते आणि गोळ्याची त्रिज्याही कमी असते, म्हणून तेवढ्याच आवळणीत ते कमी पीळ रोखू शकते.

आता थरथरण्याकडे येतो, कारण पिसांच्या कडा जातात त्या इथे. डी८५० च्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४.३५ मायक्रॉनचा आहे. ५०० मिमीवर चित्र एका पिक्सेलने सरकायला लेन्स १.८ विकला, म्हणजे एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी वळली तरी पुरते. ३० सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचे पुढचे टोक त्यासाठी ३ मायक्रॉनसुद्धा हलावे लागत नाही. माणसाचा केस याच्या वीस-पंचवीसपट जाड असतो. याच कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स असती, तर एका पिक्सेलची हालचाल व्हायला जवळपास २१ पट अधिक वळावे लागले असते. म्हणून वजन तेच असूनही रुंद कोनाच्या लेन्सला जो ट्रायपॉड उत्तम, तो ५०० मिमीला अपुरा पडू शकतो. जित्झोसारखी कंपनी आपल्या पायांच्या मालिकांसाठी किलोच्या जोडीला कोणत्या फोकल लेंग्थपर्यंत (किती मिमीच्या लेन्सपर्यंत) ती मालिका वापरावी तेही सांगते, आणि माझ्या मते ग्राहकाने दुसरा आकडा आधी पाहावा.

पायांचा ताठपणा मुख्यतः नळीच्या व्यासावर ठरतो. भिंतीची जाडी आणि साहित्य सारखे असेल, तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे २२ मिमीऐवजी २८ मिमीची नळी घेतली की ताठपणा दुप्पट होतो. चार-पाच टप्प्यांच्या प्रवासी ट्रायपॉडमध्ये वरचा टप्पा जाड दिसतो, पण सर्वांत खालचा टप्पा बोटाहून बारीक असतो आणि पाय पूर्ण उघडल्यावर सगळी मदार त्याच्यावर येते. खरेदी करताना पहिल्यांदा खालच्या टप्प्याचा व्यास पाहावा.

पाणथळ

स्थितिस्थापक यांनी पाया घातलाच आहे. मी फक्त काठावर उभे राहून जे दिसते ते सांगतो. उजनीच्या फुगवट्यावर आणि नांदूरमध्यमेश्वरला मी अनेक हंगाम लांब लेन्स वापरत आलो आहे, आणि माझे ठाम मत असे की, बहुतेकांची चित्रे ट्रायपॉडचा मधला दांडा बिघडवतो.

मधला दांडा वर काढला की तीन पायांचा आधार तिथेच संपतो आणि त्यावर कॅमेरा एका काठीवर उभा राहतो. अशा एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाने वाढते. १५ सेंटिमीटर वर काढलेला दांडा ३० सेंटिमीटर काढला, तर तेवढ्याच रेट्याला तो आठपट हलतो. मी तर लांब लेन्स लावल्यावर दांडा वर काढतच नाही. उंची हवी असेल तर पायांतूनच घ्यावी, आणि पाय उघडताना वरचे जाड टप्पे आधी, बारीक टप्पा शेवटी आणि लागेल तेवढाच उघडावा. रोहितांसाठी तर उंची मुळी नकोच असते. पक्षी उथळ पाण्यात उभा असतो, आणि लेन्स जितकी त्याच्या पातळीला आणाल तितके चित्र चांगले येते. खालचे दोन टप्पे बंद ठेवून, पाय रुंद पसरून, पाटावर बसून काम केले तर तुमचा आत्ताचाच ट्रायपॉड पुष्कळ सुधारलेला वाटेल.

दुसरी गोष्ट काठावरच्या गाळाची. पायांची टोके गाळात हळूहळू रुतत राहतात, त्यातही लेन्सकडचा पाय अधिक रुततो, आणि चौकट उतरते. दोष हेडचा समजून मूठ आवळत बसण्याआधी एकदा कठीण फरशीवर तीच सामग्री लावून पाहा. फरशीवरही लेन्स उतरत असेल तर दोष हेडचा. नसेल तर प्रत्येक टोकाखाली फळीचा किंवा चपट्या दगडाचा तुकडा ठेवा.

वाऱ्यासाठी मध्यावरच्या हुकाला पिशवी टांगण्याची पद्धत चांगली आहे, पण पिशवी लोंबकळत ठेवली तर तीच झुलून ट्रायपॉड हलवते. तिचे बूड जमिनीला जेमतेम टेकेल इतकी दोरी सोडावी.

स्थितिस्थापक

पाणथळ यांनी पिशवीचा विषय काढला, म्हणून कलंडण्याचा हिशेबही मांडतो, कारण कॅमेरा खाली येण्याचा जो धोका उजनीकाठ यांनी विचारला आहे, तो माझ्या मते खचण्यात नसून कलंडण्यात आहे.

तिन्ही टोके जोडून जो त्रिकोण होतो, त्याच्या मध्यापासून टोकापर्यंत जितके अंतर, त्याच्या निम्मेच अंतर मध्यापासून बाजूपर्यंत असते. म्हणजे ट्रायपॉड पायाच्या दिशेने भक्कम असतो आणि दोन पायांच्या मधल्या दिशेने त्याहून बराच दुबळा. म्हणून एक पाय नेहमी लेन्सच्या खाली, तिच्याच दिशेने असावा. पाय १.३ मीटर उघडले आणि ते २४ अंशांवर उभे आहेत असे धरले, तर मध्यापासून बाजूपर्यंत साधारण २६ सेंटिमीटर मिळतात. तुमचा ३.४ किलोचा कॅमेरा-लेन्स आणि १.८ किलोचा ट्रायपॉड मिळून कलंडण्याला सुमारे १३ न्यूटन-मीटर विरोध करतात.

आता वारा. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा लेन्सवर आडवा आला, तर हूडसह तिच्यावर ढोबळमानाने ३ न्यूटन, म्हणजे ३०० ग्रॅम वजनाइतका रेटा पडतो. तो १.४ मीटर उंचीवर असल्याने कलंडवणारा पीळ ४.२ न्यूटन-मीटर होतो आणि ट्रायपॉड उभा राहतो, जरी चित्र हलणारच. पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ७२ किलोमीटरचा झोत आला की तो चौपट होऊन पीळ जवळपास १७ न्यूटन-मीटरवर जातो आणि ट्रायपॉड कोसळतो. वळवाच्या आधी किंवा सह्याद्रीच्या कड्यावर असा झोत येणे मुळीच अशक्य नाही. ३ किलोची पिशवी टांगली तर विरोध २१ न्यूटन-मीटर होतो आणि तोच झोत निभावतो. मात्र ही पिशवीही छापील ८ किलोंत मोजायची असते, हे विसरू नये. पाय आखूड करून उंची घटवली तर पायांचा पसाराही घटतो, त्यामुळे पाय आखूड करतानाच ते पुढच्या खाचेपर्यंत अधिक रुंद पसरावेत.

पाना_पकड

मी कॅमेरा-सामग्रीची दुरुस्ती करतो. ‘वजन पेलत नाही’ म्हणून जे ट्रायपॉड येतात, त्यांतल्या पुष्कळांना फक्त साफसफाई किंवा आवळणी हवी असते. खटक्याच्या लॉकला एका बाजूला लहान नट किंवा ॲलन बोल्ट असतो. तो सैल झाला की खटका बंद होऊनही टप्पा भाराखाली मिलिमीटर-मिलिमीटर आत जातो. फिरवायच्या लॉकमध्ये गाळ आणि वाळू शिरली की आतली प्लास्टिकची पट्टी नळीला नीट धरत नाही. अशा वेळी टप्पा पूर्ण बाहेर काढावा, नळी व पट्टी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि पट्टी चिरलेली असल्यास बदलावी. लॉकमध्ये तेल मात्र कधीही घालू नये, कारण ती जागा घर्षणावरच धरते. बॉल हेडच्या गोळ्यालाही हेच लागू आहे. समुद्राच्या पाण्यात पाय बुडाले असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावेत.

पाय जिथे वर जोडलेले असतात तिथले बोल्टही पाहावेत. पाय आडवा उचलून सोडला आणि तो स्वतःच्या वजनाने धप्पकन खाली पडला, तर तो बोल्ट सैल आहे. आणि प्लेटचा पाव इंची स्क्रू हाताने आवळून भागत नाही. नाणे किंवा पाना लावून आवळावा, नाहीतर लांब लेन्स प्लेटवरच फिरते आणि दोष हेडच्या माथी जातो.

चलचित्र

ज्यांना या लेन्सने व्हिडिओही घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एवढेच लिहितो. फ्लुइड हेडवर (व्हिडिओसाठी संथ फिरणाऱ्या हेडवर) दोन निरनिराळे आकडे असतात: एक कमाल भाराचा आणि दुसरा काउंटरबॅलन्सचा, म्हणजे झुकलेला कॅमेरा तोलून धरणाऱ्या स्प्रिंगचा. स्थिर काउंटरबॅलन्स असलेल्या हेडवर ५ किलो भार लिहिलेला असला, तरी त्याची स्प्रिंग २.४ किलोसाठीच जुळवलेली असू शकते, आणि तीही गुरुत्वमध्य प्लेटच्या ठरावीक उंचीवर आहे असे धरून. सामग्री त्याहून जड असेल तर झुकवून हात सोडल्यावर कॅमेरा आणखी खाली जातो, आणि त्याहून हलकी असेल तर तो परत वर उसळतो. व्हिडिओसाठी काउंटरबॅलन्सचाच आकडा निर्णायक मानावा.

उजनीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे घरच्या फरशीवर तपासणी केली. पायांची लॉक साफ करून आवळली आणि सर्व टप्पे उघडून कागदी चिकटपट्टीने प्रत्येक सांध्यावर खूण केली. हुकाला पाण्याचे बुधले टांगून भार ८ किलोच्या आत ठेवला, आणि तासाभरानंतरही खुणा जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे पाय खचत नाहीत, एवढे सिद्ध झाले. हेडवर मात्र लेन्स ५०० मिमीला नेऊन समोरच्या भिंतीवरचा बिंदू लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) मोठा करून पाहिला, तेव्हा मूठ आवळून हात काढताच बिंदू वर गेला आणि नंतरही सावकाश सरकत राहिला. लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारल्यावर चित्र शांत व्हायला लागणारा वेळही पाहिला. सर्व टप्पे उघडे असताना ते बराच वेळ थरथरते, आणि खालचे दोन टप्पे बंद केले की लगेच थांबते. फरक माझ्या अपेक्षेहून फार मोठा आहे.

यावरून हेड आधी बदलावे असे वाटते. मोठे बॉल हेड घ्यावे की गिंबल हेड? आणि ट्रायपॉडवर लेन्समधले व्हीआर (थरथर कमी करणारी यंत्रणा) चालू ठेवावे की बंद?

पाणथळ

पक्ष्यांसाठीच वापरणार असाल तर गिंबल घ्या. त्यात लेन्स एका झोक्यासारखी टांगलेली असते आणि तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या आसाशी आणता येतो, त्यामुळे तुम्ही ती ३० अंश उचला की ४५ अंश, पीळ जवळपास उरत नाही आणि हात सोडला तरी ती आहे तिथेच थांबते. त्यासाठी आर्का-स्विस पद्धतीची (खाचेत मागेपुढे सरकणारी) लांब प्लेट घ्या, लेन्स ५०० मिमीला नेऊन, हूड लावून, सर्व मुठी सैल करा आणि ती कोणत्याही कोनात सोडल्यावर स्थिर राहीपर्यंत प्लेट मागेपुढे सरकवा. २०० मिमीला ती थोडी मागे कलेल, पण तिथे तिची फारशी अडचण होत नाही. गिंबलचे स्वतःचे वजन पायांवर येते, हे मात्र हिशेबात धरा. निसर्गदृश्ये आणि फुलेही तितकीच टिपत असाल तर मोठ्या गोळ्याचे बॉल हेड अधिक उपयोगी पडेल, कारण गिंबलवर लहान लेन्स लावणे गैरसोयीचे असते.

व्हीआरबाबत: हेड पक्के आवळून, वारा नसताना चित्र घेत असाल तर बंद, पक्ष्यामागे फिरवण्यासाठी हेड सैल ठेवले असेल तर चालू. उडता पक्षी टिपताना तसेही १/२००० सेकंदाच्या आसपास जावे लागते, तेव्हा पायांचा ताठपणा हा मुद्दा मागे पडतो. तो कळीचा ठरतो पहाटेच्या कमी उजेडात, साधारण १/३० सेकंदापासून १ सेकंदापर्यंत, जिथे कॅमेऱ्यातल्या आरशाच्या उसळीचा हिसकाही चित्रात उतरतो. अशा वेळी आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय आणि केबल रिलीज वापरावी.

स्थितिस्थापक

पाय आत्ताच बदलू नका, असे मीही म्हणेन. तुमच्याच तपासणीतून दिसले की खालचे दोन टप्पे बंद असताना ते ५०० मिमीला चालतात, आणि काठावर बसून काम करायचे तर तेवढी उंची पुरते. पुढे उभ्याने काम करण्याची गरज भासली, तेव्हा तीन टप्प्यांचे, मधला दांडा नसलेले आणि वरची नळी ३२ मिमीच्या आसपास असलेले पाय पाहा. दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स सोबत न्या, पाय पूर्ण उघडून लावा, आणि घरी केली तीच टिचकीची तपासणी तिथे करून मगच पैसे द्या.